रंग उजेडात बघावा

बालीगंज, कोलकाता
५ जुलै

चि. सौ. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

तू फोनवर माझा नंबर बंद केला आहेस, तेव्हा आता हा एकच मार्ग उरला. तुला माझं अक्षर लागत नाही, शाळेत कधी मराठी नव्हतं त्याचा तो परिणाम, म्हणून सुटं सुटं लिहिते आहे. काल परदेशी टपालाची चौकशी करायला पोस्टात गेले होते. सिंगापूर म्हटल्यावर खिडकीतल्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी दोन पावलं मागेच सरले. तिला पत्ता इंग्रजीत हवा होता, एवढंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

म्हणजे म्हण आहे म्हणून लिहिलं. उगाच शब्दात पकडू नकोस.

मी येऊन अठरा दिवस झाले. विमानाच्या दारापर्यंत एक पोरगेलीशी पोलीसबाई सोबत होती. तिने माझी बॅग वर ठेवून दिली आणि "टेक केअर, आंटी" म्हणाली. इकडे बाबा घ्यायला आले होते. टॅक्सीत बसल्यावर पहिलं वाक्य हे म्हणाले, "विनीता, मंडळात सगळ्यांना सांगितलंय की तुला तिकडची हवा मानवली नाही." कोलकात्यात अठ्ठावीस उन्हाळे काढलेल्या बाईला सिंगापूरची हवा मानवत नाही, यावर कुणाचा विश्वास बसावा! पण मंडळातल्या शैलाचा बसला. ती रोज सुंठीचा काढा पाठवते आणि मी तो पिते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता कामाचं. मला तिकडे यायला पाच वर्षं बंदी आहे, ती तुझ्या बाळंतपणापुरती तरी उठवावी, असा अर्ज बाबांनी लिहायला घेतला आहे. जन्मभर बँकेत मसुदे लिहिलेला माणूस, त्यांना जरा हुरूपच आला आहे. त्यांनी लिहिलं आहे की कापड घेताना ते दुकानाबाहेर नेऊन उजेडात बघायची आपल्याकडच्या बायकांची पद्धत आहे, दुकानदार स्वतःच तसं सांगतात, आणि मी तेच केलं. दुकानाच्या दिव्यांत रंग हिरवा की मोरपिशी ते कळेना, म्हणून मी तो टॉप उन्हात नेला, आणि त्यांनी मला धरलं. वकिलाने "गुन्हा कबूल करा, लवकर सुटाल" असं सांगितलं म्हणून मी कबूल केला. यात खोटं काय आहे?

तुझी फक्त सही हवी आहे. एकच वाक्य आहे: आईची ही सवय मला लहानपणापासून माहीत आहे. आणि ती तुला आहेच माहीत. गडियाहाटात मी साडी घेऊन फुटपाथवर उभी राहिले की तू माझा पदर ओढायचीस, "आई, चल ना आत, सगळे बघतायत."

पहिलं बाळंतपण आईने करायचं असतं. तिकडे तुला कोण आहे? सही करून पाठव.

तुझी,
आई


२७ जुलै

चि. ऋता,

पत्र पोचलं हे मला माहीत आहे. रविवारी तू बाबांशी बोलतेस तेव्हा ते खोलीचं दार लावून घेतात, पण दारावरची झडप उघडी असते. मुद्दाम ऐकत नाही मी. भाजी निवडायला बाहेरच्या खोलीतच बसावं लागतं. गेल्या रविवारी तू कशावरून तरी हसलीस. बरं वाटलं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "ऋता म्हणते, आईने पोलिसांना काय सांगितलं ते आधी तिने मला सांगावं. मग सहीचं बघू." मला विचारायला लागले, काय सांगितलंस तू? मी म्हटलं, काय सांगणार? एक तरी शब्द धड कळत होता का मला? दुभाष्या होता, त्याचं हिंदी एक तऱ्हेचं, माझं दुसऱ्या तऱ्हेचं. त्यांनी विचारत जायचं आणि मी मान हलवत जायची. तुला पोटुशी असताना त्यांनी ऑफिसातून उचलून नेलं याचं मला वाईट वाटत नाही असं का तुला वाटतं? पण त्यात माझा दोष काय? अशा दिवसांत मनात काही धरून बसू नये. बाळाला बाधतं.

त्या सात दिवसांबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. मारलंबिरलं नाही. जमिनीवर चटई होती, पाठीची वाट लागली. कपड्यांवर नंबर होता. माझ्या खोलीत इंडोनेशियाची एक बाई होती, घरकाम करणारी. तिला माझं आणि मला तिचं एक अक्षर कळत नव्हतं. ती रोज सकाळी बोटांनी माझे केस विंचरून द्यायची. तू लहानपणी विंचरायचीस, त्यानंतर माझे केस कुणी विंचरले नव्हते.

बाबा सांगतात, पूर्वी इथूनच, खिदिरपूरकडच्या धक्क्यांवरून, शिक्षा झालेल्यांना जहाजात घालून काळ्या पाण्यावर धाडायचे. भुरट्या चोरीसाठी बायकांनासुद्धा. माझं उलटं झालं. मला समुद्रापलीकडून आणून घरात सोडलं. सकाळी उठते, चहा होतो, पेपर येतो, आणि तुझ्याशी बोलायचं नाही. हीच ती शिक्षा.

इमारतीतली एक गंमत सांगते. आपली झर्ना अजून बजबजहून सकाळच्या लोकलने येते. काल तिच्याबरोबरच खाली उतरले. फाटकापाशी दरवानाने काही म्हणायच्या आत तिने आपली पिशवी उघडून धरली. कामवाल्या बायकांच्या पिशव्या जाताना तपासायच्या, हा नियम आहे. तुला आठवतं का, तो सोसायटीच्या बैठकीत कुणी मांडला होता? मीच. आठ वर्षांपूर्वी, पहिल्या मजल्यावरचा चांदीचा चमचा गेला तेव्हा. तो चमचा पुढे त्यांच्याच सोफ्यात सापडला, पण नियम राहिला. काल मला काय झालं कोण जाणे, मीही माझी पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. तो बिचारा गांगरला, तुमची नको म्हणून हात हलवायला लागला. "ना ना मासिमा, आपनार लागबे ना!" झर्ना रस्ताभर माझ्याकडे बघत होती.

सहीचं मनावर घे.

आई


१७ ऑगस्ट

चि. ऋता,

मी येऊ शकत नाही तर तू ये, असं बाबांनी तुला सुचवलं आणि तू नाही म्हणालीस. ठीक आहे. पण लक्षात ठेव, बत्तिसाव्या आठवड्यानंतर विमानवाले सुखासुखी नेत नाहीत. म्हणजे तुझ्या हातात ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवस आहेत. माझ्या हातात तर काहीच नाही, तुझ्या सहीशिवाय.

बाबांचा अर्ज आता बारा पानांचा झाला आहे. जोडपत्र क, जोडपत्र ड. परवा त्यांना सुचलं की कापड बाहेर नेऊन बघायच्या पद्धतीला पुरावा हवा. मग मला घेऊन गडियाहाटात गेले, आपल्या नेहमीच्या दुकानात. तुझ्या मुंजीएवढ्या वयापासून आपण तिथे जातो (मुलींची मुंज नसते, कळतं मला, पण तुझं वय सांगायला दुसरं माप सुचेना). दुर्गापूजेची खरेदी सुरू झाली आहे, पाय ठेवायला जागा नाही. बाबांनी म्हाताऱ्या मालकांना सगळं समजावलं. म्हणजे खरं नाही, सिंगापुरात एक गैरसमज झाला एवढंच. त्यांनी लगेच दुकानाच्या कागदावर बंगालीत लिहून दिलं की आमची गिऱ्हाइकं तीन पिढ्या कापड फुटपाथवर नेऊन रंग बघत आली आहेत आणि आजवर एकानेही ते पळवलेलं नाही. खाली सही, शिक्का. बाबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! तुझ्या बारावीच्या निकालाला असा खुलला होता.

मग मालक म्हणाले, आलाच आहात तर काही तरी घ्या. मी तुझ्यासाठी हिरवा खण काढायला सांगितला. तीन-चार हिरवे समोर पडले. ते म्हणाले, "मासिमा, बाहेर नेऊन बघा ना. टिउबलाइटे रंग बोझा जाय ना."

मी खण घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले. पलीकडे फुटपाथ, ऊन, माणसं. पाय उचलेना. मागून बाबा म्हणतात, "जा की." पुढून बायका आत येतायत, त्यांच्या पिशव्या मला लागतायत, आणि मी उंबऱ्यावर खांबासारखी उभी. शेवटी मालक आपले गल्ल्यावरून उठून आले, खण माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः फुटपाथवर जाऊन उन्हात उलगडून धरला. "देखुन," म्हणाले.

मी मान हलवली. कुठला हिरवा होता ते आता विचारशील तर सांगता येणार नाही. घेतला आणि घरी आले.

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "बघ, त्या लोकांनी तुला किती घाबरवून टाकलंय. हेही अर्जात घालतो."

फार दमायला होतं हल्ली. जिना चढताना नाही, बसल्याबसल्या.

आई


१४ सप्टेंबर

ऋता,

बाबांकडून कळलं की विहीणबाई डिसेंबरात नाशिकहून तुझ्याकडे येणार आहेत. सुलभाताई चांगल्या आहेत. तुला तिखट लागत नाही आणि त्यांच्या हाताला तिखटाचा अंदाज नाही, हे मी नाही म्हणणार. त्या करतील नीट.

मी इथे डिंक आणून ठेवला होता. तो झर्नाला दिला. तिची सून बाळंत झाली आहे.

तिला मी सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. ती फरशी पुसत होती, मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, आणि बोलून गेले की झर्ना, मला तिकडची हवा मानवली नाही हे खोटं आहे. मी दुकानातून कपडा घेतला, पैसे न देता. मला तुरुंगात ठेवलं होतं. बंगालीत सांगितलं हे बरं झालं. मराठीत तोंडातून आलं नसतं.

तिने फडकं पिळलं. मला वाटलं, आता ही म्हणेल की जिने माझी पिशवी आठ वर्षं उघडायला लावली तीच चोर निघाली. म्हणाली असती तर ऐकून घेतलं असतं. तिने विचारलं काय, तर "बौदी, जामाटार की रंग छिलो?" त्या कपड्याचा रंग कोणता होता.

मी म्हटलं, हिरवा.

ती "ओ" म्हणाली आणि बादली उचलून बाहेर गेली. मी मात्र दुपारभर तिथेच बसून राहिले.

अर्ज तयार आहे. फक्त तुझं पान कोरं आहे. बाबा रोज ती फाइल उघडतात आणि मिटतात. काल म्हणाले, "मला ऋता कळत नाही. आई निर्दोष आहे हे एका ओळीत लिहायला तिला काय जड जातंय?" मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या वेळी नीट लिहीन.

आई


५ ऑक्टोबर

ऋता,

पूजा संपली. शैला विजयादशमीच्या भेटीला आली होती, माझा हात धरून म्हणाली, तुझी तब्येत अजून काही सुधारली नाही. तिचा काढा चुकला असं तिला वाटतंय. तिच्या तोंडाकडे बघून मला माझाच कंटाळा आला.

आज नीट लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

त्या दिवसाच्या आदल्या रात्री तू जेवायला बसताना म्हणालीस, "आई, तू इथे पाहुणी आहेस. पाहुण्यासारखी राहा ना." मी तुझे मसाल्याचे डबे लावून ठेवले होते, त्यावरून. सुश्रुत समोर होता, जावयादेखत. तू वाईट बोलली नाहीस, आवाजही चढवला नव्हतास. पण तीन आठवडे मी तुझ्या घरात सोफ्यावर बसून होते. भाजी आणायची तर तू दिलेलं कार्ड, आणि ते वापरलं की तुझ्या फोनवर खबर, आणि मग तुझा फोन, "आई, काय घेतलंस?" डिंकाचे लाडू आणले तर डॉक्टरला विचारेपर्यंत खायचे नाहीत. चोरचोळीचं नाव काढलं तर तू हसलीस. तिसऱ्या महिन्यात कुणाला न सांगता लेकीला हिरवी चोळी द्यायची असते, माझ्या आईने मला दिली होती, आणि मी नेमकी तुझी इथे पलंगावर विसरून आले होते. तू म्हणालीस, बरं झालं विसरलीस.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या दुकानात मला तो टॉप दिसला. पोटुशा बायकांसाठीचा, सैल, सुती. मनात आलं, चोळी नाही तर हा. तू घातलाही असतास. पर्समध्ये तुझं कार्ड होतं. बाबांनी दिलेले डॉलर सूटकेसमध्ये, घरी. मी रंग बघायला तो घेऊन दाराबाहेर आले. तिथवर बाबांचा अर्ज खरा आहे.

पण तेवढ्यात मला कुणी धरलं नाही. कुणी पाहिलंही नाही. मी उन्हात उभी होते, लोक येत होते, जात होते, आणि तो टॉप मी घडी करून पिशवीत ठेवला आणि बसस्टॉपकडे चालू लागले. भांबावले नव्हते. भ्रम झाला नव्हता. रस्ता ओलांडताना दिवा हिरवा व्हायची वाट बघितली मी. बरं वाटत होतं, ऋता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणाला न विचारता काही तरी केलं होतं. दुकानाचा माणूस बसस्टॉपवर आला आणि "आंटी" म्हणाला, तोवर बरं वाटत होतं.

हे झालं चोरीचं. तू विचारते आहेस ते वेगळंच आहे.

दुभाष्याचं हिंदी चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं. सगळं कळत होतं मला. त्या अधिकाऱ्याने विचारलं, हे कुणासाठी घेतलं? मी म्हटलं, मुलीसाठी. त्याने विचारलं, मुलीला माहीत होतं? तिने सांगितलं होतं आणायला? मी मान हलवली नाही. मी पुरं वाक्य बोलले. "हाँ, मेरी बेटी ने मँगवाया था." त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

भीतीने बोलले असं लिहिणार होते. भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. मनात आलं, येऊ दे तिलाही इथे. बसू दे माझ्या शेजारी. मला घरात पाहुणी म्हणते. खरं सांगते, हेच आलं मनात.

तुला माझ्या शेजारी बसवलंच नाही त्यांनी. तुला दुसऱ्या खोलीत नेलं. सगळ्या ऑफिससमोरून नेलं, फोन काढून घेतला, चार तास. तुला ओकारी होत होती आणि पाणी मिळावं म्हणून तुला त्या परक्या माणसांना सांगावं लागलं की मला दिवस गेलेत. अजून तू ऑफिसात सांगितलं नव्हतंस, सुश्रुतच्या आईलाही सांगितलं नव्हतंस. तीन महिने बाहेर बोलू नये म्हणून ज्या बाईने तुला बजावलं, तिच्यामुळे तू ते पोलिसांना सांगितलंस. सुश्रुतने मला हे कोर्टाच्या बाहेर सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं.

आणि तरी मी तुला म्हटलं, मला काही कळलंच नाही, मी मान हलवत गेले. तीन महिने तेच लिहिते आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं तू म्हणशील आणि सोडून देशील, या भरवशावर.

हे पत्र मी आधी बाबांना वाचून दाखवलं. सकाळी, चहा झाल्यावर. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग उठले, फाइल आणली, त्या दुकानदाराचं पत्र अलगद काढून बाजूला ठेवलं. म्हणाले, "हे त्यांना परत द्यायला हवं. त्यांनी विश्वासाने दिलं होतं." बाकी सगळी फाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवून फिरायला गेले. दुपारी जेवायला आले, जेवले. माझ्याशी बोलले नाहीत, पण ताटातलं काही टाकलं नाही. एवढ्यावर मी दिवस काढला.

ऋता, सही करू नकोस. तुझं कोरं पान मी काढून घेतलं आहे. अर्ज जाणार नाही. बाळाला बघायला मला यायला मिळणार नाही, तू इथे येणार नाहीस, हे मला कळतं. मला बाळाला बघायचं आहे. फार बघायचं आहे. पण तुझ्या नावावर मी एकदा खोटं बोलले, आता तुझ्याच सहीने दुसऱ्यांदा बोलायला नको.

सुलभाताईंना सांग, तिखट कमी घाला म्हणून. लाजू नकोस.

विनीता
(आई लिहायचं की नाही ते तू ठरव.)


२६ ऑक्टोबर

ऋता,

आज रविवार. बाबा दार लावून तुझ्याशी बोलत होते. मी भाजी घेऊन बसले नव्हते. आतल्या खोलीत पडून होते. आज तुझे बत्तीस आठवडे होतात हे मला कॅलेंडर न बघता माहीत होतं.

बाबा बाहेर आले आणि त्यांचा फोन माझ्या हातात दिला. तीन आठवड्यांत त्यांनी माझ्या हातात काही दिलेलं हे पहिलंच.

तुझा फोटो होता. तुमच्या गॅलरीत काढलेला, समोरून ऊन. केवढं पोट आलंय गं! तोंड जरा सुजलंय, पाय दाखव पुढच्या वेळी. आणि अंगात तो टॉप. तोच. गळ्याजवळची ती तीन बटणं मी ओळखली. तू कधी गेलीस त्या दुकानात, कशी गेलीस, काय म्हणून मागितलास, मला काही कल्पना करवत नाही. मी तर इथल्या उंबऱ्यावरसुद्धा अडले.

खाली तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं आहेस. नमस्कार नाही, आई नाही. एवढंच: उन्हात उभी आहे. रंग कोणता ते सांग.

बाबा म्हणाले, "लिही, हिरवा." मी म्हटलं, थांबा. फोन खिडकीशी नेला. मग चष्मा बदलून पुन्हा बघितला. बाबांनी पडदा बाजूला केला. झर्नालाही बोलावलं. ती हात पुसत आली, वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. तिने ते माझ्यावर सोडलं.

फोनवर उत्तर पाठवता आलं असतं. पण हेही कागदावरच असू दे, बाकीच्या पत्रांबरोबर.

तो हिरवा नाही, ऋता. मोरपिशी आहे. निळ्याकडे चांगलाच झुकणारा. उन्हात धरला तर लहान पोरालाही कळेल. चाळीस वर्षं मी फुटपाथवर उभी राहून रंग बघितले आहेत, मला तर एका क्षणात कळलं असतं, आणि चोरचोळीला मोरपिशी चालत नाही म्हणून मी तो आत नेऊन परत ठेवला असता.

मागच्या पत्रातही मी लिहिलं की रंग बघायला बाहेर आले. नाही. त्या दिवशी बाहेर आल्यावर मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

आई